सुमनकाकूचा अंगठा

तिसऱ्या दिवशी पैनगंगेकाठी राख सावडताना अस्थींबरोबर दोन स्क्रू हाती लागले. कुणीतरी ते बाजूला टाकायला निघालं, तर काका कडाडले, "फेकता काऊन? तिच्याच पायाचे हायत ते!" त्याही वेळी आम्हाला हसू फुटलं… सुमनकाकू असती तर सगळ्यात आधी तीच हसली असती.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या आमच्या गावात काकूचा उजवा पाय प्रसिद्ध होता. अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढं हाड बाहेर आलेलं आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलेला. वावर गाठेपर्यंत डोळ्यांत पाणी यायचं. काका मोटारसायकल काढायचे, तर ही म्हणायची, "माह्याच वावरात मागं बसून जाऊ? मी काय पाव्हणी हाय?" आपल्या वावरात आपल्या पायांनी जायचं, एवढ्या एका हट्टापायी ती ऑपरेशनला तयार झाली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हिंदीत समजावलं, की नुसतं हाड घासून भागणार नाही. मागचा सांधाच ढिला आहे, तो स्क्रूनं पक्का केला नाही तर अंगठा पुन्हा वाकडा होईल. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तोवर काकूच म्हणाली, "समजलं. पाचर ढिली असन तं फाळ ठोकून काय होते?"

सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता. घरात दोघंच. पण भेटायला अख्खं गाव लोटलं, आणि आलेला माणूस बिनचहाचा गेलेला काकूला खपायचं नाही. "उठू नोको वो," म्हणत बाया ऐसपैस बसायच्या आणि ही भिंत धरून गॅसकडे निघायची. चौथ्या दिवशी पट्टी रक्तानं भिजली. डॉक्टर भडकले, पुन्हा असं केलं तर सांधा निसटेल म्हणाले. मग जन्मात गॅस न पेटवलेले काका चहाला लागले. त्या चहाबद्दल न बोललेलंच बरं… आठवड्यात गर्दी ओसरली आणि हाड निवांत जुळलं. काकूचा पाय निम्मा काकांच्या चहानं बरा केला, असं मी आजही मानतो.

पुढच्या कापूस वेचणीला ती पायी निघाली. काका काळजीपोटी मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून शेजारून, आणि ही त्यांना वाटभर बोलत. दोन हंगाम गावानं ही वरात पाहिली. मग एका सकाळी तिच्या हृदयानंच दगा दिला. मला अजून ते खरं वाटत नाही.

परवा काकांच्या मागे बसून वावरात गेलो. गाडी पहिल्याच गिअरमध्ये घुरघुरत होती. एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली. मी म्हटलं, "काका, जरा दामटा की."

"नाई रे," काका म्हणाले, "तुही काकू मागं राह्यते."