मरियाचा हसरा फोटो

श्रीगोंद्यात बेंजामिनच्या स्टुडिओत बोलणी फुकट मिळतात, असं गिऱ्हाइकंच म्हणायची. कुणी व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाखवून "भाऊ, ह्याचा मोठा फ्लेक्स करा" म्हणालं, की हा चष्म्यावरून बघायचा. "हे चिपाड हाय. चिपाडातून रस निघतो व्हय? मूळ फोटो आना."

त्याची बायको मरिया मागं लाईट धरून उभी असायची. कॅमेरा तिच्याकडं वळला की पदर तोंडावर. पुढचा दात लहानपणीच अर्धा तुटलेला. अख्ख्या तालुक्यातल्या नवऱ्यामुलांना "हसा जरा" म्हणणाऱ्याला घरची बाई काही हसवता येईना, ही चेष्टा आळीनं मनसोक्त केली.

एकदाच, नाताळाच्या तयारीत, करंजी तेलात फुटली आणि मरिया पदर विसरून खळखळून हसली. बेंजामिननं तेवढ्यात बटण दाबलं.

जामखेडच्या मेव्हणीला लगेच पाठवायचा म्हणून त्यानं तो फोटो कॉम्प्युटरवर बारीक केला. लग्नाच्या ऑर्डरीची घाई. बारीक केलेला वेगळ्या नावानं ठेवायचा, तर ह्यानं मूळ फोटोवरच सेव्ह केला. कॅमेऱ्याचं कार्ड तर पुढच्या लग्नासाठी पुसूनही झालं होतं.

आता मरियाच गेली. रविवारी चर्चमध्ये तिच्या स्मरणाची उपासना होती आणि पुढं ठेवायला फोटो हवा होता. बाकी सगळ्या फोटोंत नुसता पदर. बेंजामिननं तो एकच ताणून मोठा केला. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

शेजारचा फ्लेक्सवाला काकासाहेब धावून आला. "बेंजामिनभाऊ, आना हिकडं. मोबाईलवरचं ॲप चिपाडातूनबी रस काढतंय!"

ॲपनं खरंच काढला. चेहरा मोठा, लख्ख. दात पांढरेशुभ्र, एकसारखे.

"लई झकास!"

बेंजामिन बघत राहिला. "बाई झकास हाय," तो म्हणाला. "पन ही कोन?"

काकासाहेबानं मोबाईल खिशात घातला.

मग बेंजामिननं त्या बारीक फोटोला जेवढं सोसेल तेवढंच छापलं. तळहाताएवढं.

"मागच्यांना दिसायचं न्हाई," काकासाहेब हळूच म्हणाला.

"पुढं येतील."

रविवारी पांढऱ्या कापडावर ती इवलीशी फ्रेम ठेवली. उपासना संपली तशी माणसं बाकांवरून उठली, एकेक करून पुढं येऊन वाकली. आळीतली तोंडाळ रतनबाई फ्रेमला नाक टेकेपर्यंत वाकली.

"अगं बये, पदर कुठं टाकलास गं?" असं म्हणाली, आणि स्वतःचाच पदर तोंडाला लावून बाजूला झाली.

तिथं उजेड कमी होता. मागचे लोक डोळे बारीक करून बघायला लागले. बेंजामिन उठला, मोबाईलची बॅटरी लावली आणि मरिया लाईट धरायची तसा हात उंच करून, शेवटचा माणूस बघून जाईपर्यंत उभा राहिला.