तबकातला शेवटचा नारळ

तबक माझ्याच हातात होतं. पितळेचं, जड. शाली, नारळ, कडेला कुंकवाची वाटी, अक्षता. सावेडीतल्या आमच्या फुटबॉल क्लबचा वार्षिक सत्कार होता.

त्या वर्षी माझा गुडघा गेला आणि खेळणं संपलं. शाळेत असल्यापासून मी क्लबची स्ट्रायकर. माझ्याएवढे गोल क्लबात कुणाचेच नव्हते, पोरींचे सोडा, पोरांचेही नाही. सेक्रेटरी म्हणाले होते, तुझा निरोप समारंभ आहे, आईला बोलाव. आई तेव्हा ऊसतोडीला. मुकादमाच्या हातापाया पडून एका दिवसाची सुट्टी काढली, एसटी बदलत बदलत आली. धुतलेलं लुगडं नेसून मागच्या रांगेत बसली.

कार्यक्रम सुरू होताना सेक्रेटरी म्हणाले, उभीच आहेस तर तबक धर. धरलं. मला वाटलं, शेवटचा नारळ माझा. नाव पुकारलं की तबक टेबलावर ठेवायचं, ओढणी सारखी करायची आणि पुढं व्हायचं, हेसुद्धा मनात ठरवलेलं. येडीच मी.

डॉक्टर झाले, बिल्डर झाले, नगरसेवक झाले. शेवटचा नारळ अध्यक्षसाहेबांच्या भाच्याला गेला. त्यानं मुलांच्या टीममध्ये सगळा मोसम बाकावर काढला होता. तबकात चार अक्षता राहिल्या. मी तरी ते तसंच धरून उभी.

साहेब माईकवर हसत म्हणाले, "ही तर आपल्या घरचीच मुलगी. घरच्यांचा कुठं सत्कार करतात? उद्यापासून ही मुलींच्या टीमची मॅनेजर."

टाळ्या पडल्या. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

स्टँडवर आईनं माझे हात हातात घेतले. तिच्या तळव्याला कोयत्याचे घट्टे. म्हणाली, "ताट लई सरळ धरलंस गं. एक बी नारळ पडू दिला न्हाईस." तिला सगळं कळलं होतं का खरंच कौतुक वाटत होतं, हे मी विचारलं नाही. नंतर विचारू म्हटलं. पुढच्या सीझनला उसाच्या फडातच तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. माझी आई लेकीनं तबक धरलेलं बघून गेली.

मग मी मॅनेजरकी केली. आणि काय केलं ते सांगते. दरवर्षी साहेब म्हणायचे, दोन चुणचुणीत पोरी दे तबकाला. मी द्यायचे. सावेडीच्या पोरींना कधीच सांगितलं नाही, त्यांचे आईबाप पुढं बसून फोटो काढायचे. मी हॉस्टेलच्या निवडायचे, पाथर्डीकडच्या, ऊसतोडीच्या टोळीवर गेलेल्यांच्या. कुणी शिकवलं नव्हतं मला. बोट आपोआप तिकडंच जायचं. थू माझ्या जिंदगीवर.

गेल्या वर्षी मनीषा होती. माझ्याच जागेवर खेळायची. फायनलचे दोन्ही गोल तिचे. तिची आईपण टोळीवरूनच आली आणि मागच्या रांगेत बसली. या वेळी सेक्रेटरींनी मला विचारलंच नाही, सरळ मनीषाच्या हातात तबक दिलं. पोरगी खुशीत उभी राहिली. एकेक नारळ उचलला गेला की तबकात बघायची. काय मोजत होती ते मला बरोबर माहीत होतं. मागं तिची आई मान उंच करून बघत होती.

एक नारळ उरला. साहेबांच्या भाच्याचं नाव पुकारलं. तो आता क्लबचा उपाध्यक्ष.

मी स्टेजवर चढले. मनीषाकडून तबक घेतलं, त्यातली शाल न् नारळ काढून घेतला आणि तबक खुर्चीतल्या साहेबांपुढं धरलं.

"साहेब, तबक आता तुमी धरा. सत्कार हिचा हाय."

साहेब दातओठ खात हळूच म्हणाले, "तुला मॅनेजर मी केलं."

"व्हय. अन् गोल कुनी केले?"

त्यांनी धरलं नाही. मी तबक त्यांच्या मांडीवर ठेवलं. मनीषाच्या आईला वर बोलावलं आणि शाल दोघींच्या खांद्यावर मिळून टाकली. ती बाई रडली. मीही रडले, पण तिच्यासाठी नाही. माझी आई त्याच रांगेत बसली होती, आणि तेव्हा मी तोंड उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लबनं मला काढलं. मनीषाही माझ्यामागं आली.

आता पाथर्डीत मुरमाच्या मैदानावर शिकवते. पोरींचे गुडघे फुटतात, गोलला जाळी नाही. नवी पोरगी आली की बॉलला पाय लावायच्या आधी तिला सांगते, हातात कुणी तबक दिलं तर खाली ठेवायचं. देणारा कितीही मोठा असू दे.

माझ्या आईच्या वाटची शाल राहिली ती राहिलीच. ती आता कुणी देऊ शकत नाही, आणि मी मागणार नाही. पण यापुढं माझ्या टीममधल्या पोरीच्या हातात जो तबक देईल, त्याची गाठ माझ्याशी आहे.