पेंढ्याचं रेडकू

उपयोगी प्राणी शिकवायला मी पहिलीच्या मुलांना गोठ्यात नेलं होतं. म्हशीचं रेडकू मेलं होतं. मालकाने त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं होतं. ती ते चाटायची, तिला पान्हा फुटायचा, मग तो धार काढायचा.

"गुरुजी, तिला कळत नाही?" सईने विचारलं.

"कळलं तर तुझ्या चहात काय घालू?" मालक म्हणाला. लाज वाटते, पण मीही हसलो.

चाटून चाटून कातड्यावरचे केस गेले होते. माया आटत नाही, हे आपल्याला किती सोयीचं असतं.

वर्गात मी विचारलं, "म्हैस काय देते?"

सई म्हणाली, "फसवलं की दूध देते."

"नुसतं दूध म्हणायचं," मी सांगितलं आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. सईने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.