ओवी बोलली का?

प्लेस्कूलच्या बाईच्या पर्समध्ये दोन गोष्टी आपोआप जमतात. वाळू आणि किस्से! वाळू मी घरी जाऊन झटकते. किस्से नवऱ्याला सांगते, तो लॅपटॉपमधून मान न काढता "हं" म्हणतो. म्हणून आज तुम्हाला धरलंय.

शाळा कन्नड मुलखात, जे. पी. नगरमध्ये. माझा वर्ग नर्सरी, मुलं अठरा, घरच्या भाषा सहा. मदतीला लक्ष्मी अक्का, त्यांना सहाही भाषांतलं रडणं कळतं. आणि यंदा आली ओवी, साडेतीन वर्षांची, नाशिकहून. जूनपासून तिने वर्गात एक शब्द काढला नव्हता. प्रिन्सिपल मॅडमनी सांगून टाकलं होतं, "वर्ष संपेपर्यंत बोलली नाही, तर एलकेजीत पाठवणार नाही." रोज बारा वाजता तिची आई गेटवर विचारायची, "ताई, बोलली का?" मला त्या गेटची धास्तीच बसली होती.

*

रोप कसं वाढतं ते कळावं म्हणून प्रत्येकाने पेल्यात मूग पेरले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते उकरून पाहिले, वाढले का म्हणून. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशीही! कसले उगवतायत मूग? मी जाम वैतागले.

शेवटी अक्कांनी घरून मोड आलेले मूग आणून गुपचूप पुरले. मुलं नाचायला लागली. मॅडम बघायला आल्या. "अठराच्या अठरा एकाच दिवशी?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "शाळा आहे मॅडम. शिस्त असते!"

*

आमच्याकडे घर-घर खेळायला एक कोपरा आहे. आई व्हायला पाच जणी तयार, बाळ व्हायला चार, कुत्रा व्हायला तर मारामारी. बाबा व्हायला कुणीच नाही!

"का रे?" मी विचारलं.

"बाबाला दार लावून दुसऱ्या खोलीत बसायला लागतं. कॉल असतो."

मग त्यांनी मोठ्या टेडीला कपाटामागे नेऊन बसवलं. पाच मिनिटांनी एक मुलगी ओठांवर बोट ठेवून मला म्हणाली, "मिस, हळू बोला. बाबा कामात आहे."

त्या संध्याकाळी नवऱ्याला मी हा किस्सा मुद्दाम सांगितला. "हं," तो म्हणाला.

*

ओवीला बोलतं करायला मी स्टिकर आणले. 'स्टार' म्हण आणि स्टार घे, असा सरळ व्यवहार. ओवीने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या निहालकडे. निहालचं घर कन्नड, आवाज लाऊडस्पीकरचा. तो गरजला, "स्टार!" मी नाइलाजाने त्याला दिला. त्याने तो ओवीच्या कपाळावर चिकटवला.

घरी जाताना ओवीच्या कपाळावर सात स्टार होते आणि माझ्या पदरात शून्य शब्द. आई गेटवर हरखून म्हणाली, "ताई, आज इतकं बोलली?"

काय सांगणार, कपाळ!

अक्का मला म्हणाल्या, "स्वल्प बिडी, मिस." म्हणजे, जरा सोडा तिला. मला सोडवत नव्हतं.

*

मग एका रविवारी आईने व्हिडिओ पाठवला. घरात चार उशा भिंतीला टेकवून ओळीत बसवलेल्या, पाचवी आजी. समोर ओवी, हातात पट्टी.

"उशी नंबर दोन, सरळ बस! आजी, बोलायचं असेल तर हात वर करा. सगळ्यांनी डबा संपवला का? खोटं नाही बोलायचं हं!"

अठरा मुलांची नावं, अगदी क्रमाने. आमची सगळी गाणी, कन्नडमधलीसुद्धा. शेवटी कमरेवर हात ठेवून, "मला आज फार डोकं दुखतंय बाई तुमच्यामुळे!"

मी असं बोलते? लाज वाटली. पण त्याहून कितीतरी जास्त हायसं वाटलं. पोरीने सगळं टिपलं होतं. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि रडले. मॅडमनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण शाळेत बोलायला हवं."

*

फेब्रुवारीतली गोष्ट. हजेरीला ओवीचं नाव आलं की निहाल ओरडायचा, "प्रेझेंट, मिस!" आधी मी रागावले, मग सवय झाली. तिच्या वाटचं तो बोलायचा, ती नुसती मान हलवायची.

त्या दिवशी निहालला ताप होता. मी हजेरी घेत होते. ओवीचं नाव घेतलं, तर वर्ग गप्प. तिने मान हलवली, मी तिची हजेरी लावली आणि सवयीने पुढचं नाव घेतलं.

"निहाल."

"प्रेझेंट, मिस."

बारीक आवाज, पण स्पष्ट. फरशी पुसणाऱ्या अक्कांचा हात थांबला. ओवी माझ्याकडे रोखून बघत होती. मी लिहीत का नाही, म्हणून. माझा जीव भांड्यात पडला. मी निहालची हजेरी लावली.

दुपारी मॅडम रजिस्टर घेऊन आल्या. "निहालच्या आईचा मेसेज आहे, त्याला ताप आहे. इथे तो प्रेझेंट कसा?"

"होता, मॅडम," मी म्हटलं. "मी स्वतः ऐकलं."