शेजारचा भोपळा

मधमाश्यांसाठी रानफुलं लावायची म्हणून मी अंगणातला तेरडा, कुर्डू सगळं तणनाशक मारून साफ केलं. विकत आणलेलं रानफुलांचं बी उगवलंच नाही, आणि होत्या त्या माश्याही गेल्या.

तेव्हापासून मोहाडीतला माझा म्हातारा शेजारी रोज सकाळी कुंपणाशी दिसतो. इतकी वर्षं न विचारलेलं त्याचं नाव विचारायची आता हिंमत नाही. तो भोपळ्याचं नर फूल खुडतो आणि माश्यांच्या ऐवजी स्वतःच मादी फुलाला हळूच टेकवतो.

"एकबी फळ धरून नायी राह्यलं," काल तो म्हणाला. "घरवाली गेली. तिनं ठेवलेलं हे शेवटचं बी होतं."

"पुन्हा फुलं लावतो ना," मी पुटपुटलो.

त्यानं माझ्याकडे खालपासून वर पाहिलं. "फुलं कायले लावता, भाऊ? भुंग्यावानी पोट तं हायेच. सकाळी तुमीच येत जा फुलावर बसाले!"