सहाणेचा खळगा

आमच्या यंत्रात सूर्यासारखी आग पेटते आणि तिच्या धगीने भिंत झिजते. झिजलेले अणू आगीच्या पोटात शिरले की आगच मंदावते. म्हणून तळाच्या एका फरशीत आम्ही मुद्दाम नेहमीपेक्षा किंचित जड अणूंचं टंगस्टन बसवलं होतं. झिजून कुठे जातं ते ओळखता यावं म्हणून.

आज आम्ही वरच्या भिंतीची फरशी तपासायला घेतली. पडद्यावर तेच जड अणू उमटले. म्हणजे ते आगीतूनच वर गेले होते.

"झिजलं ते संपलं, असं धरून चाललो होतो आपण!" मी चिडून म्हणालो.

शेजारी बसलेल्या शैलाताई पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "चंदन झिजतं, असंच म्हणतो आपण. पण उगाळून उगाळून सहाणेलाही खळगा पडतो ना? तो दगड कुठे गेला?"

माझा हात नकळत कपाळावरच्या गंधाकडे गेला.