पंप सोवळ्यात आहे!

निर्माल्य आणि किस्से, दोन्ही घरात रोज साठतात. निर्माल्याची काही सोय तरी करता येते, किश्श्यांची नाही! त्यातून आमचं घर काशीत, घाटाजवळच्या गल्लीत. भाद्रपदात गंगा चढली की गल्लीतली नाली उलटी वाहते आणि आमच्या तळघरात पाणी भरतं. ते उपसायला आम्ही पंप बसवला, तेव्हापासून पाणी कमी आणि किस्से जास्त साठले आहेत.

पंपाचे दोन मालक. एक आमचे हे, रेल्वेतून रिटायर झालेले. दुसरे शेजारचे अण्णा, वेदपाठी, ह्यांचे बालमित्र. माझी सगळी व्रतं ह्यांच्या आयुष्यासाठी, आणि ह्यांचा सगळा जीव त्या पंपात. आता बोला!

*

पंप बसवायला आधी खड्डा हवा. पाणी वाहून त्यात जमणार, मग पंप ते बाहेर फेकणार. अण्णा म्हणाले, "जलस्थान ईशान्येला." झालं! ईशान्येच्या कोपऱ्यात खड्डा खणला, विटा लावल्या, सिमेंट केलं.

पहिलं पाणी आलं. अर्धं तळघर पाण्यात, आणि खड्डा मात्र कोरडा ठणठणीत! फरशीचा उतार सगळा नैर्ऋत्येकडे.

अण्णा हळहळले. "वहिनी, कलियुग आहे. पाण्याला शास्त्र कळेनासं झालं."

मी म्हटलं, "अण्णा, त्याला उतार तेवढा कळतो."

*

दुसरा खड्डा उतारावर खणला. पंपाला एक तरंगता चेंडू असतो. पाणी वाढलं की चेंडू वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो. दुकानदाराने हे दोनदा समजावलं होतं. दोघांनीही मान डोलावली होती, म्हणजे ऐकलं कुणीच नव्हतं.

मग पंपाची पूजा झाली. हळदकुंकू, नारळ, अक्षता. मी पण भक्तिभावाने ओवाळलं, खोटं कशाला बोलू? शेवटी अण्णांनी लाल दोऱ्याचे चांगले घट्ट वेढे घातले.

पाणी वाढत वाढत शेवटच्या पायरीला लागलं. पंप ढिम्म! हे म्हणाले, "कंपनीच फ्रॉड आहे!" वरून टॉर्च मारून पाहिलं, तर अण्णांनी दोऱ्याने चेंडूच पाइपाला बांधून टाकलेला.

"हे काय हो, अण्णा?"

"रक्षासूत्र आहे, वहिनी! कुठे जाऊ नये म्हणून."

तो कुठेच गेला नाही.

*

एकदा मात्र पंप अगदी झकास चालला. सकाळपासून जेवणवेळेपर्यंत, अजिबात न थांबता. हे ओसरीवर पान लावत बसलेले. "बघ, याला म्हणतात मशीन!"

मी गल्लीत डोकावले. पाइपाचं तोंड ह्यांनी आमच्याच नालीत सोडलेलं, आणि नाली तर उलटी वाहत होती. पंप बाहेर फेकायचा, नाली आत आणून द्यायची. तेच पाणी, तोच पंप!

तेवढ्यात अण्णा आले. "काय अखंड चाललंय हो!"

"हो ना," मी म्हटलं. "सप्ताह बसवलाय. समाप्तीला प्रसाद घेऊन जा."

*

वायरिंगचा किस्सा त्याही आधीचा, पंप पहिल्यांदा जोडतानाचा. रामनगरहून मुन्ना मिस्त्री आला. तोंडात पान, कानावर पेन्सिल. पंपाच्या प्लगला तीन पिना, तळघरातल्या जुन्या बोर्डाला भोकं दोन. मुन्नाने पक्कड काढली आणि तिसरी पिन उपटायला घेतली.

"अरे भैया, ये क्या कर रहे हो?"

"कुछ ना होई, माताजी! तिसरकी त खाली देखावे के हव. काम त दुइए से चलेला."

हे लगेच म्हणाले, "असेल तिसरी नुसती दाखवायला. त्याला कळतं त्यातलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "संगमावर सरस्वती दिसत नाही, म्हणून प्रयागला कुणी द्विवेणी म्हणतं का? ती गुप्त असते, म्हणूनच सांभाळायची!" करंट फुटला तर जमिनीत नेणारी तीच ना!

मुन्नाने पक्कड खिशात घातली. मी हट्टाने तीन भोकांचा नवा बोर्ड लावून घेतला, तोही जिन्याच्या अगदी वर, जिथे पाणी कधीच पोचत नाही. जाताना मुन्ना ह्यांना हळूच म्हणाला, "बाबूजी, घर में त माताजी के करंट जादा हव!"

*

हरतालिकेचा दिवस. माझा निर्जळी उपास, वाळूची पिंड मांडलेली. खालून घरघर ऐकू आली म्हणून जिन्यात गेले. हे गुडघाभर पाण्यात! पंप चालू, आणि ह्यांनी त्याला वायरीला धरून उचललेलं, उंदीर शेपटीने धरावा तसं!

"अहो, वर या! आधी हात सोडा!"

"कचरा अडकलाय गं. आणि तुझा उपास आहे ना? मग मला काय होतंय!"

मी आधी बोर्डाचं बटन बंद केलं, प्लग उपटला, आणि मग बोलले. "मणिकर्णिकेचं स्मशान हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून घाई करायलाच हवी असं नाही! मी सात जन्म मागतेय. तुम्ही निदान हा एक तरी पुरा करा!"

त्या दिवशी मी जाहीर केलं. पंप चालू असेल तोवर तो सोवळ्यात. पाण्यात पाय नाही, पंपाला हात नाही. आधी प्लग काढायचा, मग उतरायचं. आणि उचलायचा तो दोरीनेच.

हे पोट धरून हसले. "नालीचं पाणी उपसतो तो, आणि सोवळ्यात!"

"हसा खुशाल," मी म्हटलं, "पण शिवू नका."

*

यंदा पाणी पुन्हा आलं. पंप नुसताच गुणगुणत होता, पाणी फेकत नव्हता. हे जिन्याच्या वरच्या पायरीवर, मी ह्यांच्या मागे. तेवढ्यात अण्णा धोतर खोचून, अनवाणी, सरळ खाली निघाले.

"अण्णा, थांबा! करंट असेल!" हे ओरडले.

"महादेव आहेत!" अण्णा आणखी एक पायरी उतरले.

"अण्णा, मराल!"

"काशीत मरण म्हणजे मुक्तीच!" पुढची पायरी पाण्याखाली होती. अण्णांनी पाय उचलला.

तेव्हा हे, माझ्या सोवळ्याला जन्मभर हसलेले हे, जिवाच्या आकांताने ओरडले, "अण्णा, शिवू नका! सोवळ्यात आहे!"

अण्णांचा पाय हवेत तसाच थांबला. मग मागे आला. अण्णा अंग चोरत, भिंतीला चिकटून, उलट्या पावली वर आले.

ह्यांनी प्लग काढला. दोघांनी दोरीने पंप वर ओढला. वायर उंदराने कुरतडलेली, आतलं तांबं लख्ख उघडं.

अण्णांनी वाकून ते तांबं नीट पाहिलं.

"बरं झालं वेळेवर सांगितलंत," ते म्हणाले. "नाहीतर पुन्हा आंघोळ करावी लागली असती!"